साखळीतला माझा तास

माझ्या यजमानांची आरामखुर्ची पुढच्या खोलीत खिडकीपाशी आहे. ते जाऊन दोन वर्षं होत आली तरी मी तिच्यात बसले नव्हते. रोज पुसायची मात्र. खुर्चीच्या वर भिंतीला त्यांनीच ठोकलेली बायबलमधल्या वचनाची पाटी आहे, दमल्याभागल्यांना विसाव्याला बोलावणारी. खुर्ची झाली की तीही पुसायची, मग त्या पाटीखाली सतरंजी अंथरून दुखरे गुडघे टेकायचे आणि कळ आली की दात आवळून प्रार्थना पुढे रेटायची. विसाव्याच्या पाटीखाली हा व्यायाम मी कितीतरी महिने केला. ते असते तर पहिल्याच दिवशी हसले असते.

मी शेवगावला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि हे शुगर फॅक्टरीच्या लॅबमध्ये होते. आम्ही दोघंही पिढीजात ख्रिस्ती. पण विश्वासाच्या बाबतीत घरातली हुशार विद्यार्थिनी मी, आणि हे मागच्या बाकावरचे. आमच्या चर्चमध्ये अजून बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. हे खांबाला टेकून बसत आणि उपदेश रंगात आला की यांची मान खाली जाई. मला बायकांच्या बाजूने ते सगळं दिसे आणि माझंही उपदेशातलं लक्ष उडे. घरी येताना मी बोलले की म्हणत, "बापाच्या घरी झोप नाही लागणार तर कुठे लागायची?"

जेवणाआधीची त्यांची प्रार्थना ठरलेली होती. "प्रभो, आहे ते तू पाहतोसच. आमेन." बस्स. पाहुण्यांचे डोळे मिटायच्या आत यांची प्रार्थना संपलेली असे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी म्हटलं, चार शब्द जास्त बोललात तर काय बिघडेल? म्हणाले, "त्याला माहीत नाही असं काही असलं तर सांग, तेवढं बोलतो."

एका सकाळी चहाचा कप हातात असताना याच खुर्चीत ते गेले. कप खाली पडलाही नाही, मांडीवर तिरपा राहिला. मी स्वयंपाकघरातून त्यांच्याशी बोलतच होते. मुलगा परदेशातून आला, राहिला, गेला. चर्चच्या मंडळीतली माणसं काही दिवस आळीपाळीने येत राहिली, गाणी म्हणत राहिली. मग ज्याचा त्याला संसार असतो. त्यात कोणाचा दोष नाही.

एकटेपणा म्हणजे काय हे मला मटणाच्या दुकानात कळलं. आमच्यात रविवारी चर्चनंतर मटण ठरलेलं. पावशेर मागितलं की खाटीक विचारायचा, "बाई, एवढंच?" आणि मागे उभे असलेले गप्प व्हायचे. पावशेर मटणाचा रस्सा होत नाही, नुसतं मटण शिजतं. दोन-तीन रविवार केलं आणि सोडून दिलं. शेजारच्यांच्या टीव्हीवरच्या मालिका मला भिंतीपलीकडून पाठ झाल्या. दिवसभर तोंडातून शब्द न निघाल्यामुळे संध्याकाळी दूधवाल्याशी बोलताना आवाज घोगरा येई. मुलगा रविवारी फोन करतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, विचारतो. मी हो म्हणते, आणि मग दोघांनाही पुढचं सुचत नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. खरं भय निराळंच होतं. हात जोडले की पलीकडे कोणी नाही असं वाटायला लागलं होतं. फोन लावावा, रिंग जात राहावी, जात राहावी आणि कोणी उचलू नये, तसं. जन्मभर मी इतरांच्या दुःखात वचनं शोधून काढून दिली, आणि आता हे कोणाला सांगायचं? आमच्या चर्चचे पाळकसाहेब तीन गावं सांभाळतात. मोटरसायकलवर येतात, अर्धा चहा कपात ठेवून पुढच्या गावाला जातात. त्यांना काय सांगणार, की साहेब, या घरात मी एकटी आहे, अगदी एकटी, देवसुद्धा नाही?

त्या हिवाळ्यात आमच्याकडे संजीवन सभा झाल्या. चर्चच्या आवारात मांडव घातला होता आणि बाहेरून एक तरुण उपदेशक आले होते. त्यांनी विचारलं, किती वर्षं झाली विश्वासात? आणि अजून दुधावरच आहात? तुमची वाढ कुठे आहे? माणूस भला होता, मनापासून बोलत होता. बाकीचे आमेन म्हणून घरी जाऊन जेवले असतील. पण मी मुलींची प्रगतिपुस्तकं भरण्यात हयात घालवलेली बाई, मला ते वर्मी लागलं. देव बोलत नाही, कारण मी वाढले नाही. अभ्यास कमी पडला. दुखणं कळलं म्हणून मला उलट हायसंच वाटलं. अभ्यास वाढवायचा, एवढंच ना?

मग मी पहाटे उठायला लागले. अध्याय वाढवले. गुडघे टेकायची वेळ वाढवली. शुक्रवारचा कडक उपास धरला. आणि पी हळद नि हो गोरी, चार दिवस झाले की मी आपलं मन चाचपून बघायची, काही वाटतंय का? काही वाटत नसे. झोप तेवढी कमी झाली होती. मग मी स्वतःला रागवायची, शाळेत रागवायची तशी, आणि दुसऱ्या दिवशी अजून एक अध्याय जास्त.

याच सुमाराला साखळी प्रार्थनेत मी जरा जास्तच शिरले. मंडळीत कोणी आजारी असलं की आमच्याकडे साखळी लावतात. दिवसाचे तास वाटून घ्यायचे. आपला तास आला की आपल्या घरीच बसून प्रार्थना करायची आणि तास संपला की पुढच्या माणसाला फोन करून म्हणायचं, "घ्या आता." साखळी तुटू द्यायची नाही, हा एकच नियम. माझ्या आधी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर असत आणि माझ्यानंतर आत्याबाई. आत्याबाई म्हणजे आमच्या जुन्या बायबलबाई. तरुणपणी शेवगावच्या आसपासच्या वस्त्यांवर पायी जाऊन त्यांनी बायकांना अक्षरं शिकवली, वचनं शिकवली. आता ऐंशीच्या पुढे आहेत, पुणतांब्याला भाच्याकडे राहतात, कानाने अधू झाल्या आहेत. फोनवर त्या स्वतः ओरडतात आणि आपल्यालाही ओरडायला लावतात.

दुपारचे तास कोणाला नको असतात. कोणाची मुलं शाळेतून येतात, कोणाचं दळण गिरणीवर असतं. "बाई, तुम्ही एकट्याच असता ना, माझाही तास घ्याल का?" शाळेतही गैरहजर बाईंचे तास माझ्याच गळ्यात पडायचे, तेच इथे सुरू झालं. एकाचे दोन तास झाले, दोनाचे तीन. लोक म्हणू लागले, प्रार्थना करावी तर बाईंनी. मला ते आवडे, खोटं कशाला बोलू. पण तास घेण्याचं खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. साखळीच्या दिवशी मला एक फोन येई आणि मला एक फोन करता येई. सिस्टर म्हणत, "बाई, घ्या आता." आत्याबाई म्हणत, "हां, घेतलं." त्या दोन फोनांसाठी मी तीन-तीन तास गुडघे टेकत होते.

त्या शुक्रवारची साखळी माझ्याच एका विद्यार्थिनीसाठी होती. मंडळीतलीच मुलगी, नगरच्या दवाखान्यात होती, दुपारी तिच्या पोटाचं ऑपरेशन व्हायचं होतं. शाळेत असताना तिने आवडत्या शिक्षिकेवर निबंध लिहिला होता, माझ्यावर, आणि बाई फार रागीट आहेत हेही त्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. माझे तीन तास बारा वाजता सुरू व्हायचे होते. दिवस ईस्टरआधीच्या उपवासकाळातले, मार्च महिना, त्यात शुक्रवार, म्हणजे पाण्याशिवाय काही नाही. त्या उपदेशकांनी मोबाईलचाही उपास सुचवला होता, म्हणून सकाळपासून मी नेटही बंद ठेवलं होतं. साखळीचे फोन तेवढे येणार-जाणार.

बारा वाजायला आले तेव्हा शेजारच्या वहिनी दारात उभ्या. शेती असलेलं घर, त्यांची थोरली मुलगी माझ्याच हाताखाली शिकली. हातात झाकलेली ताटली होती.

"बाई, उपास हाय ना तुमचा? ही घ्या खिचडी. लई न्हाई, थोडीच हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दर शुक्रवारी तुमचा कुकर वाजत न्हाई. मी ऐकते ना." मग एकदम थांबून म्हणाल्या, "तुमच्यात दाने चालत्यात ना उपासाला?"

त्यांच्या उपासाला साबुदाणा चालतो, आमच्या उपासाला काहीच चालत नाही. पण हे त्यांना सांगायचं म्हणजे त्यांच्या ताटलीसमोर माझा उपास मिरवण्यासारखं होतं. "चालतात," मी म्हटलं. उपासाच्या दिवशी खोटं बोलले. ताटली ओट्यावर झाकून ठेवली, तेवढ्यात सिस्टरांचा ड्यूटीवरून दोन शब्दांचा फोन आला, आणि मी सतरंजीवर गुडघे टेकले.

पहिला तास कसाबसा निघाला. साजूक तुपाचा आणि भाजलेल्या दाण्यांचा वास घरभर फिरत होता. गुडघे, उपाशी पोट, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून वीज गेली, पंखा थांबला. दुसऱ्या तासात माझं म्हणण्यासारखं सगळं म्हणून संपलं. डॉक्टरांसाठी, भूल देणाऱ्यासाठी, तिच्या आईसाठी, पुन्हा डॉक्टरांसाठी. धडा संपला आणि घंटा व्हायची राहिली की आम्ही शिक्षिका उगाच बोलत राहतो, तसं मी बोलत राहिले. माझा आवाज मलाच ऐकू यायला लागला. आणि एकदम रडू कोसळलं. मी म्हटलं, प्रभो, मला नाही जमत. मला काही वाटत नाही. तू आहेस असंही वाटत नाही. माझे गुडघे फार दुखतात.

उठायला आधार हवा म्हणून हात टाकला, तो खुर्चीच्या हातावर पडला. घटकाभर म्हणून मी तिच्यात बसले. कापड त्यांच्या अंगाने खोलगट झालेलं होतं. ते माझ्या मापाचं नव्हतं, तरी मी त्यात मावले. पुढचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा ऊन उतरलं होतं. पंखा फिरत होता, वीज कधी आली ते कळलं नव्हतं. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की किती दिवसांनी अशी झोप लागली. मग घड्याळ पाहिलं. पाच वाजून गेले होते.

साखळी माझ्या हातात तुटली होती. ती मुलगी तिकडे टेबलावर, आणि मी इकडे खुर्चीत घोरत. मी घाबरत मोबाईल उचलला. आत्याबाईंचे, सिस्टरांचे, पाळकसाहेबांचे फोन येऊन गेले असतील, काय उत्तर द्यायचं, असं मनात जुळवत होते. एकही मिस्ड कॉल नव्हता.

कोणी रागावून फोन केले असते तर बरं वाटलं असतं. साखळी तुटली आणि कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. याच खुर्चीत हे गेले, तशी मीही आज गेले असते तर? शेजारच्या वहिनींना उद्या कुकर वाजला नाही म्हणून कळलं असतं. एवढं एकटं मला यांना पुरून आल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

शेवटी पुणतांब्याला फोन लावला. भाच्याने उचलला आणि आत्याबाईंच्या कानाला लावून दिला.

"आत्याबाई, मी बोलतेय, शेवगावहून. माझी चूक झाली. मला झोप लागली. साखळी तुटली."

"काय तुटलं?" त्या ओरडल्या.

"साखळी!" मीही ओरडले.

"न्हाई तुटली. माझा तास मला ठावं हाय की. तुमचा फोन आला न्हाई, म्हनलं बाईंचा डोळा लागला आसंल. मी बसले माझी."

"मग मला फोन का नाही केला?"

"झोपलेल्या मानसाला उठवून काय इचारायचं? झोप लागली का म्हनून?"

मी विचारलं, "मुलीचं काय झालं? ऑपरेशन?"

"तिचं तर सकाळीच उरकलं. डॉक्टर लवकर आले म्हनं. पोरगी चांगली बोलती हाय. तिच्या आईनं गुरूपवर टाकलंय ना, भाच्यानं वाचून दाखिवलं. तुमी बघितलं न्हाई व्हय?"

मी मोबाईलचा उपास केला होता, हे त्यांना ओरडून सांगायची मला हिंमत झाली नाही. मी गुडघे टेकायच्या आधीच सगळं पार पडलं होतं. उपाशीपोटी, दात आवळून मी देवाकडे जे मागत होते, ते तो केव्हाच देऊन मोकळा झाला होता. मला हसू यायला लागलं आणि हसताना पुन्हा रडू येतंय असं वाटलं.

"मग तुमच्या तासाला तुम्ही काय मागितलं?" मी विचारलं. "मुलीचं तर झालंच होतं."

"तिच्यासाठी आभार मानले. मंग तुमचं नाव घेतलं. म्हनलं, प्रभू, बाई दमल्यात, त्यास्नी नीट झोपू दे. मंग मी बी गप बसले."

अख्खी दुपार माझी कोणाला आठवण झाली नाही असं धरून मी बसले होते, आणि त्याच दुपारी पुणतांब्याला माझं नाव घेतलं जात होतं, मी झोपेत असताना.

"हॅलो? गेला का फोन?"

"नाही, आहे मी." आणि मग जे पाळकसाहेबांना विचारता आलं नव्हतं ते मी त्यांना ओरडून विचारलं. शेजारी ऐकू गेलं असेल तर जाऊ दे, म्हटलं. "आत्याबाई, तुम्हाला वाटतं का हो तो जवळ आहे असं? मला नाही वाटत. हे गेल्यापासून काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही.

"कवा वाटतं, कवा न्हाई वाटत," त्या म्हणाल्या, आणि या वेळी ओरडल्या नाहीत. "मला तर आता कुनाचंच नीट ऐकू येत न्हाई, बाई. म्हनून काय घरात कुनी बोलत न्हाई व्हय?"

मी पाटीकडे बघत होते. रोज पुसते, पण वाचली बऱ्याच दिवसांत नव्हती.

"आन साखळीचीच वाट कशाला बघता? रिकामं असलात की लावत जा फोन," आत्याबाई पुन्हा मोठ्याने म्हणाल्या. "हितं समदी शेतात जात्यात. दिसभर मी अन् मांजर. मला रिंग ऐकू यायची न्हाई कवा कवा, पर लावा."

फोन ठेवल्यावर मी ओट्यावरची ताटली घेऊन पुन्हा खुर्चीत येऊन बसले. खिचडी गार होऊन तिचा गोळा झाला होता. हात जोडले. सांगायचं कितीतरी होतं, सगळी दुपार सांगायची होती. म्हटलं, "प्रभो, आहे ते तू पाहतोसच. आमेन." लग्नाच्या इतक्या वर्षांत यांची ही प्रार्थना मला कधी पुरेशी वाटली नव्हती. खिचडी सगळी खाल्ली, ताटली निपटून.

आता मी साखळीत एकच तास घेते आणि तोही खुर्चीत बसून. पहाटे जाग आली तर उठते, नाही आली तर नाही. शुक्रवारी कुकर लावते. वहिनींना सांगितलं, आमचा उपास संपला. त्या म्हणाल्या, "बरं झालं, लई वाळला हुता तुमी." माझी वाढ झाली की नाही ते मला माहीत नाही, आणि कोणी प्रगतिपुस्तक मागितलंही नाही. एकटेपणा आहे तिथेच आहे. पावशेर मटणाचा रस्सा अजून होत नाही. संध्याकाळी दिवा लावला की यांच्या चपलांचा आवाज येईल असं अजूनही वाटतं, आणि येत नाही.

परवा दुपारी साखळी नव्हती, कोणी आजारी नव्हतं. मी खुर्चीत बसले आणि पुणतांब्याला फोन लावला. रिंग जात राहिली, जात राहिली. घरातले शेतात गेले असणार आणि आत्याबाईंना ऐकू येत नसणार. तिथेच कुठेतरी मांजराजवळ बसल्या असतील. मी फोन कानाला धरून बसून राहिले.